चैत्रातला हंसराज

आपा, तुझं सुतक मला नाही. तू नात्यातली नाहीस आणि जातीतलीही नाहीस, म्हणून तू गेलीस त्या दिवशीही आमच्या घरी चूल पेटली, वरणाला फोडणी पडली, देवाला नैवेद्य झाला आणि ह्यांना मी वेळेवर वाढलं. तुला नेताना मशिदीमागच्या गल्लीच्या तोंडाशी बायका उभ्या होत्या, त्यांच्या मागे मी उभी राहिले. तुझी सून तिथपर्यंतच आली. बायकांनी पुढे जायचं नाही, ही एक रीत तुमच्यात आणि आमच्यात सारखीच निघाली. तू असतीस तर त्यावर काहीतरी तिखट बोलली असतीस.

मला रडू आलं नाही. राग आला, आणि तो अजून गेलेला नाही. भांडण अर्धं टाकून मध्येच उठून जायची तुझी सवय जुनीच. बाजाराची वेळ झाली, अजान झाली, शेळी सुटली, असं काहीतरी काढून तू गाठोडं उचलायचीस आणि दारातून म्हणायचीस, "राह्यलेलं उद्या भांडू." या वेळी तेवढंही म्हणाली नाहीस.

गावात लोक बोलतात, हमीदा अत्तारीण गेली, चांगली बाई होती, हाताला गुण होता. जवळा बाजारच्या अत्ताराची एकुलती लेक, बापाला मुलगा नव्हता म्हणून जडीबुटी तिच्या पदरात आली, हेही सांगतात. सगळं खरं आहे. पण हाताला गुण होता असं कुणी म्हटलं की मी उठून आत जाते. त्या गुणावरूनच आपलं सगळं भांडण होतं आणि ते त्यांना सांगण्यासारखं नाही.

तुझी माझी पहिली गाठ पडली तीही भांडणानंच. मी वैद्याच्या घरात नवी सून म्हणून आले होते. माहेरी वडिलांनी बाळबोध लिहायला-वाचायला शिकवलेलं, त्यामुळे डोकं जरा वरच असायचं. तू मागच्या दाराशी बसून गाठोडं सोडलंस. हंसराजाची जुडी हातात घेऊन मी म्हटलं, "यात पाला कमी अन् काड्याच जास्त. आमाला काय जळण घ्यायचं हाय का?"

तू मला खालून वरपर्यंत बघितलंस.

"वैदाच्या घरात आली अन् काडी वळखत न्हाई? पाला सुकला की समदा सारखाच चुरा होते. काडी बघ, वैदीणबाई. काडी झूट बोलत न्हाई."

त्या दिवसापासून तू मला वैदीण म्हणू लागलीस, आधी चिडवायला आणि मग सवयीनं. आणि मागच्या पायरीवर बसून मला हंसराज ओळखायला शिकवलंस. काडी काळी, चकचकीत, शिवायच्या दोऱ्याइतकी बारीक, नखानं मोडली की कट्‌कन तुटणारी. पानं अर्धचंद्रासारखी, एका बाजूनं सपाट, दुसऱ्या बाजूनं गोल, काडीच्या दोन्ही अंगांना ओळीनं लागलेली. पाण्यात बुडवून काढलं तर पान कोरडंच्या कोरडं. आणि टोक वाकून मातीला लागलं की तिथंच मूळ धरून नवा कोंब काढणार. न फूल, न फळ, न बी. "अल्लानं याला बी दिलं न्हाई, पाय दिले. चालून राह्यते," असं तू म्हणायचीस.

नावावरून मात्र आपली रोज जुंपायची. ह्यांच्या पोथीत हंसराज. तुझ्या वडिलांच्या तोंडी फारसीतलं परसियावशान, जे मला कधीच एका दमात म्हणता आलं नाही. डोंगरातल्या बाया पानाचा आकार बघून घोडखुरी म्हणायच्या. मी म्हणायचे, पोथीतलं नाव खरं, बाकीची हाक मारायची. तू म्हणायचीस, ज्यानं खुरावरून नाव ठेवलं त्यानं निदान पाला बघितला होता, तुमच्या पोथीवाल्यानं हंस तरी बघितला होता का? त्यावर मी तुला पाणी आणायला आत गेले. तुझा पेला वेगळा होता, कोनाड्यात पालथा ठेवलेला. त्याबद्दल तू कधी काही बोलली नाहीस, मीही कधी बोलले नाही, आणि तो पेला अजून तिथंच आहे.

दुसरा एक नेचा तू मुद्दाम दाखवायला आणायचीस, फसायला होऊ नये म्हणून. त्याचीही काडी काळी. तोही खडकाच्या कपारीतच येतो. पण पानाच्या पोटाला पांढरी भुकटी असते, चुना फासल्यासारखी. त्याचं नाव ना ह्यांच्या पोथीत होतं, ना तुझ्या वडिलांच्या किताबात. तू त्याला चुनेवाली म्हणायचीस. उन्हाळ्यात ती मूठ आवळून बसते, मेल्यासारखी दिसते, पण मरत नाही. औषधाच्या कामाची नाही, असं तू दर वेळी बजावून सांगायचीस. पण माझ्या लेकीला, मथीला, तीच आवडायची. तू तिचा हात धरून पान उपडं ठेवायचीस, वरून चापट मारायचीस आणि पान उचललं की हातावर पांढरा छाप. मथी दोन्ही हात भरून छाप घेऊन घरभर दाखवत फिरायची. कोपरापर्यंत छाप उठवून घ्यायची आणि मग आंघोळ नको म्हणून रडायची.

इथपर्यंतच लिहायचं असं ठरवून मी बसले होते. पण तुझ्याशी बोलायचं आणि त्या चैत्राबद्दल बोलायचं नाही, हे आपल्याला तू असतानाही कधी जमलं नाही.

मथीला ताप आला, मग छातीत खोकला भरला. श्वास घेताना बरगड्या आत जायला लागल्या. हिंगोलीला दवाखान्यात न्यायचं तर बैलगाडीचा रस्ता, अंगात ताप, वर ऊन. ह्यांनी नाडी बघितली आणि म्हणाले, हंसराजाचा काढा द्यायचा, मध घालून. घरातली जुडी संपली होती. बाजाराला अजून अवकाश होता. तुला निरोप गेला तेव्हा दिवस मावळला होता.

तुमच्यातला रिवाज मला तेव्हाच नीट कळला. मुळी किंवा पाला काढायचा तर आदल्या संध्याकाळी त्याच्यापाशी जाऊन आवतण द्यायचं, चार दाणे टाकायचे, उद्या तुला न्यायला येते म्हणायचं. दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत जाऊन आणायचं, त्याचं नाव घ्यायचं नाही आणि औषध रोग्याच्या पोटात जाईपर्यंत कुणाशी एक शब्द बोलायचा नाही. तुझ्या वडिलांनी शिकवलेलं, त्यांना त्यांच्या वडिलांनी. त्या संध्याकाळी तुला डोंगरापलीकडच्या दरीत जायला उशीर झाला. म्हणून तू अंगणात उभी राहिलीस, डोंगराकडे तोंड केलंस आणि तिथूनच आवतण दिलंस.

पहाटे तू मागच्या दारी आलीस, ओठ मिटलेले, पदराची गाठ घट्ट धरलेली. पाला वाटेतच हातावर चोळून आणला होतास, लवकर उकळावा म्हणून. मी तो हातात घेतला आणि तसाच पातेल्यात टाकला. डोळे माझे मथीकडे होते. काढा तिच्या तोंडात गेला तेव्हा तू पहिला शब्द बोललीस. "बिस्मिल्ला," म्हणालीस आणि तिच्या कपाळावर हात ठेवलास.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी मथी गेली.

दहावं झालं आणि तू आलीस. बसली नाहीस. पदर पुढे केलास, तोच पदर, धुतलेला नव्हता. गाठीच्या सुरकुत्यांत पांढरी भुकटी होती.

"वैदीण, बघ हे. चुनेवाली होती ती. मी तिला चुनेवाली पाजली."

मी पदर झटकला. "पीठ हाय ते," म्हटलं. "भाकरी थापून आली असशील."

"त्या रातीला माझ्या घरात चूल पेटली न्हवती."

"पीठच हाय," मी पुन्हा म्हटलं आणि दार लावून घेतलं.

तिथून आपलं भांडण सुरू झालं आणि ते तुझ्या मरणापर्यंत चाललं. बाहेरच्या माणसानं ऐकलं असतं तर त्याला वाटलं असतं, दोन बाया एका पाल्यावरून वर्षानुवर्षं डोकं फोडून घेतायत. तू म्हणायचीस, चैतात हंसराज राहतो कुठं? पावसाळ्याचा पाला तो, होळी झाली की करपून जातो, उन्हाळ्यात दरीत फक्त चुनेवाली उरते. मी म्हणायचे, झऱ्याच्या कडेला ओल असते, तिथं हंसराज टिकतो, तू तिथूनच आणलास. तू म्हणायचीस, मी अंधारात काडीवर हात फिरवून तोडला. मी म्हणायचे, तुझा हात चुकत नाही. तू म्हणायचीस, पदराला भुकटी होती. मी म्हणायचे, पीठ होतं.

पाल्याचं नाव ठरलं की बाकी सगळं ठरणार होतं, हे आपल्या दोघींना पक्कं ठाऊक होतं. तो हंसराज असेल तर औषध खरं देऊनही माझी मुलगी गेली, म्हणजे तिचं तेवढंच आयुष्य होतं, कुणाचाच दोष नाही. मला तेच हवं होतं. त्याशिवाय मला जेवण गेलं नसतं. आणि ती चुनेवाली असेल तर तुझ्या हातून माझी मुलगी गेली. ते तू स्वतःहून अंगावर ओढून घेत होतीस आणि मी ते तुझ्या अंगावरून काढून फेकत होते. मी तुझ्यावर केवढे उपकार करते आहे असं मला वाटायचं. तू त्या उपकाराला भीक घालत नव्हतीस, याचा मला भयंकर राग यायचा.

कुठल्याही चैत्रात एकदा त्या दरीत जाऊन बघितलं असतं तर भांडण मिटलं असतं. देवळामागून डोंगर चढायचा आणि पलीकडे उतरायचं, सकाळी निघालं तर जेवायला परत. तू त्या दरीत पुन्हा पाय ठेवला नाहीस. हंसराज आणायला तू पावसाळ्यात पार दुसऱ्या डोंगराला जायचीस. आणि मी तर आयुष्यात कधी दरी बघितलेली नव्हती, झऱ्याच्या ओलीची गोष्ट मी घरात बसून रचली होती. आपण दोघी गेलो नाही, कारण तिथं काय दिसेल याची दोघींनाही भीती होती.

ह्यांनी त्यानंतर कुणाला हंसराज दिला नाही. खोकल्याचा रोगी आला की अडुळसा द्यायचे आणि माझ्याकडे बघायचे नाहीत. तू मात्र विकणं सोडलं नाहीस. फक्त एक नवीन रीत पाडलीस. जुडी बांधण्याआधी माझ्या पायरीवर यायचीस, सगळा पाला पसरायचीस आणि म्हणायचीस, "तूबी बघ." मग आपण दोघी काडी काडी उचलून, पान उलटं करून, उजेडात धरून बघायचो. दोघींच्या नजरेखालून गेल्याशिवाय एक जुडी बाजारात गेली नाही. जगभरच्या मोठ्या लढाईच्या दिवसांत दवाखान्यात औषधं मिळेनाशी झाली आणि सेनगावपासून लोक तुझ्याकडे पाला मागायला येऊ लागले, तेव्हा तर दिवसभर बसायचो. माझी पाठ धरायची. ज्या औषधावरचा माझा विश्वास मथीबरोबर गेला होता, ते मी इतक्या काळजीनं का निवडत होते, हे मला तेव्हाही सांगता आलं नसतं. तू शेजारी बसायचीस म्हणून बसायचे, एवढंच.

कारण मथी गेली त्या वर्षी माझ्याशी बोलायला कुणी नव्हतं, आपा. आळीतल्या बाया यायच्या, देवाची इच्छा म्हणायच्या, हळूच माझ्या पोटाकडे बघायच्या आणि जायच्या. तू आलीस की मथीचं नाव घ्यायचीस. मथी हे बोलायची, मथीनं माझी शेळी सोडली होती, मथीला बोरं आवडायची. तुझ्यावर ओरडून मी भांडायचे, पण मथी या गावात तुझ्या तोंडी जिवंत होती आणि दुसऱ्या कुणाच्याच नव्हती. हे मी तुला कधी सांगितलं नाही. तुला कळलं असेल, असं धरून चालले.

गेल्या माघात तुझी छाती भरली. डोळ्यांना आधीच कमी दिसत होतं. मी आले तेव्हा तू खाटेवर उशाला टेकून बसली होतीस आणि तुझा श्वास दारापर्यंत ऐकू येत होता. ह्यांनी दिलेला अडुळसा तसाच कोनाड्यात पडलेला. तू उशाखालून हंसराजाची जुडी काढून माझ्या हातात दिलीस.

"बराबर बघ. हंसराजच हाय ना?"

"हाय."

"मंग उकळून दे. तुझ्या हातचा दे."

मी दिला. तो तू प्यायलीस. मग मी तोच विषय काढला. आता वेळ थोडा आहे हे दिसत होतं आणि तुला मोकळं करून पाठवायचं असं मी घरातून ठरवून आले होते.

"आपा, त्या दिशीबी हंसराजच होता. आतातरी माझं ऐक. मनाला लावून घेऊन कायला जातीस? खरा पाला दिला, तरी पोरगी राह्यली न्हाई. तुझा काई गुन्हा न्हाई."

तू हसलीस. खोकला आला, तो थांबेपर्यंत मी पाठ चोळली.

"काहून झूट बोलून राहिलीस वैदीण? तुला ठावं हाय, मला ठावं हाय. राहू दे ना माझा गुन्हा माझ्यापाशी. माझा हात चुकला, तर दवाई खरी राह्यते. माझ्या बापाची दवाई. इतकी लेकरं उठून बसली, ती झूट होत न्हाईत. तू म्हणती तसं धरलं, तर मी जनमभर लोकायला गवत पाजून राहिले."

"अन् माझं?" मी ओरडलेच. "तुझी दवाई खरी, तर माझी पोरगी वाचली असती. ते मी कुठं ठेवू?"

तू डोळे मिटलेस. मला वाटलं, श्वास जमवते आहेस. मग म्हणालीस, "ते मलाबी ठावं न्हाई." आणि भिंतीकडे तोंड केलंस. मी ताडताड उठून घरी आले. पुन्हा आले तेव्हा तुला बोलता येत नव्हतं, आणि होळीच्या आधी तू गेलीस.

पुढचं तुला सांगायचं आहे म्हणून खरं तर लिहायला घेतलं.

तुझा चाळिसावा अजून झालेला नाही. चैत्र लागला आणि तुझी सून मागच्या दारी आली, कडेवर मुन्नी. तुझी नात आता चालायला लागली होती, माझ्या पायरीवरून उतरायला शिकली होती. अंग तापलेलं, डोळे अर्धे मिटलेले. सुनेनं तिचा झगा वर केला. बरगड्या आत जात होत्या, बाहेर येत होत्या. ते मी एकदा बघितलेलं होतं.

"दवाखान्याची लाल बाटली संपली, मावशी. काई फरक न्हाई. अम्माचा पाला द्या."

घरात नव्हता. तुझ्या घरातली शेवटची जुडी तुलाच दिली होती. ह्यांनी अडुळसा काढला, मुन्नीनं ओकून टाकला. ते हळूच म्हणाले, "चैत्रात मिळायचा नाही तो." मी म्हटलं, "बघून तर येते." त्यांनी अडवलं नाही. काठी घेतली आणि डोंगराच्या पायथ्यापर्यंत माझ्याबरोबर आले, तिथं दगडावर बसून राहिले.

दिवस मावळायच्या आधी मी दरीत उतरले, या वयात, पहिल्यांदा. सागाची पानं गळून वाटेवर पडलेली, पाय टाकला की आवाज. झरा म्हणून जो मी इतकी वर्षं तोंडानं वाहवत होते, तो म्हणजे खडकाच्या एका फटीतून गळणारं पाणी निघालं, ओंजळ भरायला वेळ लागेल इतकंच. फटीच्या अलीकडे, वाटेकडच्या बाजूला, कोरड्या खडकावर चुनेवाली होती, मुठी आवळून बसलेली. पलीकडे, ओलीच्या बाजूला, कडा करपलेला पण मधून हिरवा, हंसराज.

दोन्ही होते, आपा. चैत्रात हंसराज राहतो, हे माझं खरं होतं. वाटेवरून येणाऱ्या माणसाच्या हाताला आधी चुनेवाली लागते, हे तुझं खरं होतं. दोघींच्या मध्ये वीतभर खडक.

चार दाणे टाकले. उद्या न्यायला येते, म्हटलं. माझ्या तोंडून ते शब्द निघताना लाज वाटली नाही. आणि तिथं उभी असताना मला कळलं की तुमच्यातलं ते आवतण कशासाठी आहे. देवासाठी असेल, पाल्यासाठी असेल, पण आधी ते डोळ्यांसाठी आहे. आदल्या दिवशी उजेडात येऊन बघून जावं, म्हणजे पहाटेच्या अंधारात हात कुठं न्यायचा ते ठाऊक असतं. त्या संध्याकाळी तू अंगणातून आवतण दिलंस.

पहाटे गेले. काही दिसत नव्हतं. वाटेवरून हात पुढे केला तर बोटांना काडी लागली, बारीक, गुळगुळीत. पायरीवरच्या तुझ्या शिकवणीत पूर्ण उतरली असती अशी काडी. मी ती धरूनही ठेवली होती. मग आठवलं आणि हात आणखी पुढे नेला, पाण्याचा गारवा लागेपर्यंत. तिथली काडी अगदी तशीच होती. आदल्या दिवशी बघून गेले नसते तर मीही पहिलीच तोडली असती. मला तिथं तुझ्या नावानं हंबरडा फोडायचा होता, आणि तुमच्या रिवाजाप्रमाणे तोंडातून आवाज काढायचा नव्हता. तशीच खाली आले. पायथ्याशी बसलेले हे उठून माझ्यामागून चालू लागले.

काढा मुन्नीच्या पोटात गेला. दोन दिवस तसेच गेले. मी घरी आलेच नाही, तुझ्या खाटेपाशी जमिनीवर पडून त्या श्वासाकडे कान लावून राहिले. तुझ्याच घरातलं पाणी प्यायले, आणि पेला कुणाचा ते बघितलं नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी मुन्नीला घाम सुटला, अंग गार झालं, आणि तिनं भाकरी मागितली.

सून रडली, तुझा मुलगा रडला. मी अंगणात जाऊन बसले. पोर वाचली म्हणून मला आनंद झाला, आपा, तो खोटा नव्हता. आणि त्याच वेळी माझी मथी अशी उठून का बसली नाही, असं वाटलं, तेही खोटं नव्हतं. हे म्हणाले, लाल बाटलीचा गुण उशिरा आला असेल. कधीकधी लेकराचा ताप आपसूकही उतरतो, असंही म्हणाले. मला धरायला काडी देत होते बिचारे. पूर्वीची मी असते तर ती घट्ट धरली असती आणि तुझ्याशी आणखी दहा वर्षं भांडले असते.

पण मला आता तसं म्हणवत नाही. तुझ्या वडिलांचं औषध खरं आहे. तो पाला खडकावर होता, वीतभर पलीकडे. तुझा हात तिथपर्यंत गेला नाही.

तू माझ्या दाराशी आलीस ती पदरातली भुकटी दाखवायला आली नव्हतीस. तू माफी मागायला आली होतीस. आणि मी काय केलं, तर काही झालंच नाही म्हणून सांगितलं. दर वर्षी तू मागत राहिलीस आणि दर वर्षी मी तुला पीठ, झरा, ओल असं काहीतरी देत राहिले. मला वाटायचं, मी किती मोठ्या मनाची. ज्याची चूकच मान्य करायची नाही, त्याला माफ तरी कसं करणार? मी तुला त्या गुन्ह्यातून सोडवत नव्हते. मी तुझा गुन्हा ऐकूनच घेत नव्हते.

आज ऐकते. ती चुनेवाली होती. मथी तुझ्या हातून गेली. हे वाक्य लिहिल्याशिवाय पुढचं लिहिता येत नव्हतं. मी तुला माफ केलं, आपा. हे ऐकायला तू इथं असायला हवी होतीस.